पान बारा वाचा

ओल्मेदो व्हर्गारा हा माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाला ते पटायचं नाही. आमच्या ग्वारारे गावात त्याने एकतीस वर्षं जमीन मोजणीच्या कचेरीत काढली, कुणाकडून साधी कोंबडी घेतली नाही, आणि जत्रेतसुद्धा दुसऱ्या पेल्यानंतर उठायचा. मग तो निवृत्त झाला आणि त्याने पुस्तक काढलं. तिथून सगळं बिनसलं.

पुस्तक दहाओळींचं. दहाओळी आमच्याकडे कोण करत नाही? न्हावी करतो, खाटीक करतो, पाद्रीबाबासुद्धा चोरून करतात. एकाने शेवटची ओळ द्यायची आणि दुसऱ्याने नेमकी तिच्यावर येऊन थांबणारी दहा ओळींची रचना करायची, असा तो खेळ. पूर्वी अंगणात पाच तारांच्या मेहोरानेरावर चालायचा, आता फोनवरच्या गटात चालतो. गटाचं नावच ‘अंगण’. माणसं चारशेच्या वर. गट कवितेचा, पण गाव ते गाव. कुणाची वीज गेली, कुणाचं जनावर हरवलं, तेही तिथेच यायचं.

या अंगणाची मालकीण म्हणजे नीव्हिया सामानिएगो, शाळेतली जुनी मास्तरीण. अर्ध्या गावाचे कान तिने पिळलेले. बाईंचा नियम एकच होता. आधी दुसऱ्यांनी दिलेल्या तीन ओळी पुऱ्या करा, मग स्वतःचं पुस्तक, गाणं, कार्यक्रम, काय असेल ते मिरवा, आणि तेही फक्त रविवारी.

ओल्मेदोने नियम पाळला. हो, पाळला! पण कसा, ते ऐका. कुणीतरी ओळ दिली, ‘पहाटे कोंबडा आरवला नाही.’ ओल्मेदोची दहाओळी तासाभरात हजर. तिच्यात कोंबडा का आरवला नाही? तर तो रात्रभर ओल्मेदोचं ‘कुंपणापलीकडे’ वाचत बसला होता म्हणून. दुसऱ्याने ओळ दिली, ‘आईने चूल पेटवली.’ याची आई चूल पेटवते आणि उजेडात काय वाचते? कुंपणापलीकडे. विषय समुद्राचा असो, बैलाचा असो, कुणाच्या तुटलेल्या लग्नाचा असो, आठव्या ओळीला त्याचं पुस्तक आलंच. आणि खाली न चुकता एक वाक्य: ‘पान बारा वाचा.’ पान बारावर त्याची लाडकी रचना होती, ‘मी आणि माझा प्रांत’. तिच्यात प्रांत अगदी शेवटी यायचा.

तरी हे परवडलं. दुसऱ्यांच्या रचनांखाली तो जे करायचा, ते त्याहून भारी. फोनमध्ये त्याने तीन वाक्यं तयारच करून ठेवली होती. पहिलं, ‘अप्रतिम!’ दुसरं, ‘डोळे पाणावले.’ तिसरं खास माणसांसाठी, ‘या ओळींत सबंध प्रांत श्वास घेतो.’ सकाळी कॉफी पिताना आळीपाळीने एकेक चिकटवत जायचा, प्रत्येकाखाली टाळ्या, आणि टाळ्यांच्या शेपटीला पान बारा. वाचायला वेळ कुणाला आहे? त्याला स्वतःचं वाचलं जायला हवं होतं.

त्याची बायको एदिल्मा समोर बसून टॉर्तिया भाजायची. तीही गटात होती. तो इकडे बोट दाबायचा आणि तिकडे ओट्यावर तिचा फोन किणकिणायचा.

“मला कशाला पाठवतोस, ओल्मेदो? मी इथेच आहे ना!”

“तू वाचलंस का पण?”

“तुझ्या पुस्तकाची प्रुफं मीच तपासली, माझ्या राजा. आणखी किती वाचू?”

एकदा मात्र तिने फोन हातात घेतला आणि खुर्चीत मटकन बसली. “अरे, हे काय केलंस? ‘करडी गाय, डाव्या कानाला चीर, ला एनेयाच्या वाटेवर शेवटची दिसली.’ आणि त्याच्याखाली तू लिहितोस, या ओळींत सबंध प्रांत श्वास घेतो?”

“मग?”

“मग काय मग! गाय हरवलीय कुणाची तरी!”

ओल्मेदोने क्षणभर विचार केला. “रूपक असेल,” तो म्हणाला, आणि पुढची टाळी वाजवली. गाय कुणाची, हे नाव वर ठळक लिहिलेलं होतं. ते बघायच्या भानगडीत तो पडला नाही.

चार दिवस गाव हसत होतं. न्हावी दुकानातून ओरडायचा, “काय पान बारा, दाढी की केस?” खाटीक म्हणायचा, “पान बारा, आज कलेजी ताजी आहे, यात सबंध प्रांत श्वास घेतो.” ओल्मेदोला वाटलं, चला, नाव झालं. पण आतून त्याला एक गोष्ट खुपत होती, आणि ती खरी होती, म्हणून सांगतो. दोन महिने झाले होते. तीस प्रती त्याने हातोहात वाटल्या होत्या. आणि एकाही माणसाने, एकाही, आत काय लिहिलंय त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तो ज्याला त्याला विचारायचा, “कुठपर्यंत आलं?” लोक त्याला बघून रस्ता ओलांडायला लागले. आता त्याची सगळी आशा प्रकाशनाच्या कार्यक्रमावर होती. ग्रंथालयाची खोली मिळाली होती, रविवार, दुपारी चार. माणसं आली पाहिजेत, आणि त्यांतल्या एकाने तरी वाचलेलं पाहिजे. बाकी त्याला काही नको होतं.

नेमकं त्याच आठवड्यात मास्तरीणबाईंनी त्याचं तोंड बंद केलं. गटावर लिहायची सोय काढून घेतली, महिनाभरासाठी.

ओल्मेदो तडक तिच्या घरी. डोक्यावर सणाची काळ्या-पांढऱ्या वेताची टोपी, काखेत पुस्तक. बाई पोर्चमध्ये झुलखुर्चीत बसून वाटाणे सोलत होत्या.

“मास्तरीणबाई, हा अन्याय आहे. मी तीन ओळींचा नियम मोडलेला नाही.”

“नाही मोडलास. वळसा घालून गेलास. बस. मला सांग, शेवटचं कुणाचं काय वाचलंस?”

“मी सगळ्यांना टाळ्या देतो!”

“देतोस खऱ्या. मी मोजल्या, दोनशे अकरा. फेर्मीनने बापावर चार दहाओळी टाकल्या होत्या, सलग. वाचायला मला पाच मिनिटं लागली आणि मग उठून तोंड धुवावं लागलं. तुझे डोळे किती वेळात पाणावले ठाऊक आहे? चार सेकंदांत. एवढं पाणी आणतोस कुठून रे, मेल्या?”

ओल्मेदो बसला आणि त्याने टोपी काढली. मग ती मांडीवर घेऊन, शाळेत बाईंशी बोलायचा तसा, खालच्या आवाजात म्हणाला, “बाई, रविवारी कुणी आलं नाही तर मी काय करू?”

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. सोललेले वाटाणे वाडग्यात टाकले. “येतील,” त्या म्हणाल्या. “मी स्वतः सांगते सगळ्यांना. शेवटची ओळसुद्धा मीच देते, तिच्यावर गातील सगळे. जा, तयारी कर.”

तो उड्या मारत घरी गेला. बाई हसत होत्या, हे त्याने पाहिलं नाही. पाहण्याची सवयच नव्हती त्याला.

रविवारी एदिल्माने भलं मोठं पातेलंभर चिचेमे केलं, मका आणि दूध घालून, वर दालचिनी. खुर्च्या चाळीस होत्या, माणसं आली बावन्न. बावन्न! लोक भिंतीला टेकून उभे राहिले. ओल्मेदोचे डोळे या वेळी खरंच भरून आले. टेबलावर पुस्तकांची चळत, शेजारी इस्त्रीचा सदरा घातलेला कवी. मास्तरीणबाई उठल्या, चार बरे शब्द बोलल्या आणि फळ्यावर ओळ लिहिली: ‘आज आलो मी तुझ्यासाठी.’ मेहोरानेरा लागला. पहिला उठला फेर्मीन, तोच तो, बापावर लिहिणारा. त्याने गळ्यातून लांब हाळी घातली, खोली दणाणली, आणि त्याने ओल्मेदोकडे प्रेमाने बघत सुरुवात केली. सहाव्या ओळीपर्यंत सगळं ठीक होतं. मग गाडी वळली:

शनिवारी चारला रेडिओ लाव,
माझंच गाणं, माझंच नाव,
विसरशील तर लागेन पाठी,
आज आलो मी तुझ्यासाठी!

टाळ्या कडाडल्या. ओल्मेदो हसला, जरासं ओशाळून. दुसरा खाटीक. त्याच्या दहाओळीत ओल्मेदोची लेखणी सुरीहून धारदार होती, आणि सुरीवरून आपसूक डुकराच्या फऱ्याची आठवण निघाली, जो शुक्रवारी त्याच्या दुकानात ताजा येणार होता. तिसऱ्या बाईने लेकीने विकायला तळलेल्या ओहाल्द्रा, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, गाऊन दाखवल्या. चौथ्याने सोडत, पाचव्याने झुंजीचा कोंबडा, सहाव्याने स्वतःच्याच नव्या पुस्तकाची दहा पानं. आणि प्रत्येक जण शेवटी ओल्मेदोच्या खांद्यावर हात ठेवून गळा काढायचा, आज आलो मी तुझ्यासाठी! न्हाव्याने तर कमाल केली. गाऊन झाल्यावर वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “पान बारा वाचा. माझ्या दरपत्रकाला बारा पानं नाहीत, पण वाचा.”

एदिल्मा हात तोंडाला लावून हसत होती. हसता हसता तिची नजर नवऱ्यावर गेली आणि तिचं हसू थांबलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

साडेपाचला पातेलं रिकामं झालं आणि खोलीही. टेबलावरची पुस्तकांची चळत जशीच्या तशी होती. नाही, उंच झाली होती. तिच्यावर रेडिओचे कागद, ओहाल्द्रांचे कागद, सोडतीचे कागद येऊन पडले होते, आणि ‘कुंपणापलीकडे’चं नावसुद्धा दिसत नव्हतं.

“हा माझा दिवस होता!” ओल्मेदो मास्तरीणबाईंवर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा ओरडला.

“रविवार आहे, ओल्मेदो,” बाई पर्स उचलत म्हणाल्या. “रविवारी चालतं.” आणि गेल्या.

लाजेने त्याला मान वर करवेना. तो खुर्च्या एकमेकींत घालायला लागला. तेव्हा त्याला दिसलं, कोपऱ्यातल्या शेवटच्या खुर्चीवर कुणीतरी अजून बसलंय. दोन्या बेनिल्दा, म्हणजे बेनिल्दाबाई. ला एनेयाकडची म्हातारी, ऐंशीच्या पुढची, गटातली सगळ्यांत जुनी. मांडीवर त्याचं पुस्तक होतं. आजच्या चळतीतलं नव्हे, वाटलेल्या तिसांतलं. कोपरे दुमडलेले, एका पानावर कॉफीचा डाग.

“खुर्ची घेऊ नकोस, मला गुडघ्यांमुळे उठायला वेळ लागतो,” ती म्हणाली. “पान एकेचाळीस.”

“काय?”

“पान एकेचाळीस. ते कुठे कधी टाकलं नाहीस तू. का?”

ओल्मेदो उभा होता तिथेच थांबला. पान एकेचाळीसवर त्याचा भाऊ दीमास होता. बाप गेल्यावर शेताची वाटणी ओल्मेदोने स्वतःच मोजली होती, फीत धरून, कचेरीतल्यासारखी. दीमास काही बोलला नाही, आणि आठवड्याने कोलोनला बंदरात कामाला निघून गेला तो गेलाच. त्या दहा ओळींत पुस्तकाचं नाव नव्हतं, प्रांत नव्हता. फीत होती, भाऊ होता, आणि आंब्याचं झाड.

“त्याला कोण टाळ्या देणार, दोन्या?” तो पुटपुटला.

“आंबा तुझ्या बाजूला यावा म्हणून हद्दीची मेख सरकवलीस. दोन-तीन पावलं तरी. हो ना? तसं लिहिलं नाहीस, पण नवव्या ओळीत झाडाकडे बघायला घाबरतोस. मी ती ओळ चार वेळा वाचली.”

तो खाली बसला. कचेरीतल्या कुणाला, एदिल्माला, पाद्रीबाबांनाही त्याने हे सांगितलं नव्हतं. पुस्तक काढून दोन महिने तो दारोदार हेच मागत फिरला होता, आणि आता मिळालं तर ते घ्यायचं कसं हेच त्याला कळेना. या बाईला काय देऊ नि काय नको असं त्याला झालं. आणि त्याच्या तोंडून तेच निघालं, जे रोज सकाळी निघायचं.

“तुमच्याही दहाओळी अप्रतिम असतात, दोन्या. मी सगळ्या वाचतो.”

म्हातारीचा चेहरा उजळला. खरंच उजळला, तेच वाईट झालं. ती पुढे वाकली. “कोणती आवडली?”

ओल्मेदोने डोकं खाजवलं. सहा वर्षं ही बाई आठवड्याला एक टाकत होती. गेल्या दोन महिन्यांत त्याने प्रत्येकीखाली टाळ्या वाजवल्या होत्या. एक शब्द, देवा, एक शब्द आठवू दे! आणि आठवलं. एदिल्माने मोठ्याने वाचून दाखवलेलं.

“ती गायीची!” तो सुटकेने म्हणाला. “ला एनेयाच्या वाटेवरची. डाव्या कानाला चीर असलेली. ला एनेयाची म्हणजे तुमचीच असणार. काय ते रूपक, दोन्या!”

दोन्या बेनिल्दाने मांडीवरचं पुस्तक मिटलं.

“माझीच,” ती म्हणाली. “रूपक नव्हतं, गाय होती. करडी.”

बाहेर एदिल्मा पातेलं घासत होती, त्याचा आवाज येत होता. ओल्मेदोचे कान तापले. काहीतरी विचारायला हवं होतं, माणसाने माणसाला विचारावं असं काहीतरी, आणि ते त्याला सुचलं. उशिरा, पण सुचलं.

“सापडली का हो?”

“चौथ्या दिवशी. तेही टाकलं होतं गटावर.” ती खुर्चीला धरून उठली, त्याचं पुस्तक पिशवीत घातलं आणि दाराकडे निघाली. “त्याच्याखाली तू लिहिलंस, डोळे पाणावले. पान बारा वाचा.”