तायडे मॅडमचा राग

सुजाता तायडे मॅडम संगणकाच्या पडद्याशी भांडायच्या. मनातल्या मनात नव्हे, मोठ्यानं. "हे कोनं मांगितलं होतं तुले? नाव मांगितलं, तं नाव दे ना बे! त्याचा सारा खानदान कावून उचलून आणला?" अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या ऑफिसात नवा माणूस आला की दचकून मागे पाहायचा, जुने हसून आपापल्या कामाला लागायचे. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी आमची छोटी कंपनी. तिच्यातला सगळा अवघड भाग अकोटच्या या बाईंनी लिहिलेला होता.

मी मोर्शीहून नोकरीला आलो त्याच आठवड्यात त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. मी बनवलेलं तपासण्यांचं पान उघडायला फार वेळ लागत होता. त्या पानानं डेटाबेसला विचारलेले सगळे प्रश्न मॅडमनी पडद्यावर काढले. "इरफान, वाच. मोठ्यानं वाच." मी वाचू लागलो. या रुग्णाच्या तपासण्या द्या. पुढच्या रुग्णाच्या तपासण्या द्या. त्याच्या पुढच्याच्या द्या. प्रश्न तोच, रुग्ण तेवढा वेगळा. लोक हसायला लागले, तरी बाई थांबू देईनात. शेवटी मीच म्हणालो, "मॅडम, सगळ्यांच्या एकदमच मागवायला पाहिजे होत्या."

"समजलं ना? आता पाणी पे."

प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये ओआरएम नावाचा एक दुवा असतो. आपण नुसतं 'रुग्ण' म्हणायचं. डेटाबेसला काय विचारायचं ते तो ठरवतो. सोय मोठी, पण आपली गरज त्याला ठाऊक नसते. नाव हवं असलं तरी तो पत्ता, विमा, जुने रिपोर्ट सगळं ओढून आणतो. नाहीतर थोडंसंच आणतो आणि उरलेल्यासाठी पुन्हा पुन्हा खेपा घालतो. एखादं पान हातानं दुरुस्त करता येतं. आमच्याकडे पानं शेकड्यांनी होती, आणि प्रत्येक दवाखाना ती वेगळ्या तऱ्हेनं वापरायचा.

अकोल्याच्या एका मोठ्या दवाखान्यातून पानं हळू उघडतात अशी रोज तक्रार यायची. आमचे मालक, ज्यांना सगळे भैयासाहेब म्हणत, त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: मोठा सर्व्हर घ्या. एकदा मॅडम मला घेऊन अकोल्याला गेल्या. मला वाटलं, सर्व्हरच्या खोलीत जाऊ. त्या नोंदणीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पुढची म्हातारी उभी राहून राहून खालीच बसली. खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "सर्व्हर डाऊन आहे, थांबा." म्हातारीनं मॅडमकडे पाहून विचारलं, "कोन डाऊन हाये व बाई? डॉक्टर काय?"

परतीच्या गाडीतून बडनेऱ्याला उतरताना त्या म्हणाल्या, "कोनतं पान काय वापरते, ते आता प्रोग्रामनंच पाहावं. आपण किती पुरणार?"

पुढचे काही महिने त्या याच कामाला भिडल्या. त्यांनी ओआरएमच्या शेजारी एक निरीक्षक बसवला. या पानानं रुग्ण मागवला, पण वापरलं फक्त नाव आणि वय. त्या पानाला रुग्णामागोमाग तपासण्या लागतातच. अशा नोंदी तो करत राहायचा आणि पुढच्या वेळी तेवढंच, एका खेपेत, मागवायचा. वापर बदलला की तोही बदलायचा. कोणाला काही सांगावं लागत नसे. एकच पान कारकून वेगळ्या कामासाठी उघडतो, नर्स वेगळ्या, म्हणून पान कोणी उघडलं तेही नोंदलं जाई.

अकोल्यात पानं बोट उचलायच्या आत उघडू लागली. तिथल्या खिडकीवर बसणाऱ्या मंदाबाईंनी मॅडमना मुद्दाम फोन केला. "मॅडम, आता पेशंटच्या तोंडाकडे पाहाले टाइम भेटते!" मॅडम त्या दिवशी कोणालाच बोलल्या नाहीत, अगदी पडद्यालाही नाही.

पण 'पान कोणी उघडलं' या नोंदीवर भैयासाहेबांची नजर गेली. मॅडमना न विचारता त्यांनी दुसऱ्या एकाकडून त्यातून अहवाल बनवून घेतला: कोणता कर्मचारी एका रुग्णाला किती वेळ लावतो. दवाखान्याच्या व्यवस्थापकाला तो फार आवडला. सगळ्यात हळू ठरल्या मंदाबाई. त्या कंत्राटावर होत्या; कंत्राट पुढे वाढलंच नाही. मॅडमना हे कळलं ते पुन्हा अकोल्याला गेल्यावर, त्या खिडकीत दुसरीच मुलगी पाहून.

दुसऱ्या दिवशी त्या थेट भैयासाहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"मॅडम, आकडे तुमच्याच प्रोग्रामचे आहेत," भैयासाहेब शांतपणे म्हणाले. "आकडे काही खोटं बोलत नाहीत."

"आकडे खोटे नाईत. तुमचा सवाल खोटा हाये. पान हळू कावून, हे पाहाले मी ते बनवलं. बाई हळू कावून, हे पाहाले नाई. त्या खिडकीवर डायलिसिसवाले येतात, वर्षानुवर्षाचे जुने पेशंट. कोनाले ऐकू येत नाई, कोनाले दिसत नाई. ते तुमच्या अहवालात कोठी हाये? दाखवा मले!"

"क्लायंटला हवंय ते. आता तर बाकीचे दवाखानेही मागतायत."

"क्लायंटले सांगा, अहवाल चुकीचा हाये. बाईले परत घ्या म्हणा."

"तसं नाही होत, मॅडम."

त्या बाहेर आल्या, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "सारे इकडे या. पाहा मी काय करून राहिली ते. मांगून कोनी म्हनाले नको, की लपून केलं." आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी नोंदीतून माणसाची ओळख काढून टाकली, 'कारकून' किंवा 'नर्स' एवढंच ठेवलं. मग अकोल्याची पानं उघडून दाखवली. तितक्याच झटक्यात उघडली. ओळखीची निरीक्षकाला गरज कधी नव्हतीच. मग त्यांनी तो अहवाल उघडला. कोरा. बदलाच्या नोंदीत स्वतःचं नाव आणि कारण लिहून त्या उठल्या.

भैयासाहेब केबिनमधून बाहेर आले, चेहरा लालबुंद. "आत्ताच्या आत्ता पूर्ववत करा." मॅडमनी राजीनामा टेबलावर ठेवला. मग भैयासाहेबांनी ते काम मला सांगितलं. मी नाही म्हणालो. ते काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं गेलं, आणि काही दिवसांत मीही ती नोकरी सोडली.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी उगाच आशेवर राहायला नको. मंदाबाईंना ती नोकरी परत मिळाली नाही. मॅडमचा निरीक्षक आज कितीतरी दवाखान्यांत चालतो, आणि सोबत माणसांची नावं गोळा करतो. त्याच्या जाहिरातीत 'कर्मचाऱ्यांची कार्यक्षमता वाढवा' असं ठळक लिहिलेलं असतं. ते वाचलं की माझं डोकं फिरतं. मॅडम अकोटला परतल्या; लहान दवाखान्यांची कामं करतात. कोणाचंही नाव नोंदवायला त्या नकार देतात, म्हणून काही कामं हातची जातात.

मला त्या आठवतात त्या राजीनाम्यानंतरच्या अकोल्याच्या खेपेतल्या. आम्ही दवाखान्याच्या व्यवस्थापकाला भेटलो. त्यांनी चहा पाजला, बघतो म्हणाले. तिथून आम्ही मंदाबाईंचं घर शोधत जुन्या शहरात गेलो. मॅडमनी दारातच सांगितलं, "तुमचा टाइम मोजनारं ते यंत्र माह्यं हाये, मंदाबाई."

"तुमचा काय दोष, मॅडम? बसा ना. असते एकेकाचं नशीब."

मॅडम भडकल्या. "नशीब कायचं? तुमाले हळू म्हनाले ते! राग कावून येत नाई तुमाले?"

मंदाबाईंनी हातातली फुलपात्रं खाली ठेवली.

"हळू?" त्या म्हणाल्या. "मी हळू? त्या आंधळ्या देवरावचा हात धरून त्याले खुर्चीवर बसवतो, मंग बटन दाबतो मी. तो पडला असता तं? एक बाई रोज रडत येते, तिले काय म्हनू, बाजूले हो, टाइम चालू हाये? मले एकदा तरी इचारलं कोनी? एकानं तरी?" आवाज चढत गेला. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली, तरी त्या थांबल्या नाहीत. व्यवस्थापकाचं नाव घेतलं, खिडकीतल्या मोडक्या पंख्याचं घेतलं, सुट्टी न मिळाल्यामुळे चुकलेल्या भाचीच्या लग्नाचं घेतलं. मॅडम जमिनीवर मांडी घालून ऐकत होत्या.

बोलणं संपलं तेव्हा मंदाबाईंना धाप लागली होती.

"उद्या हेच बोलाचं," मॅडम म्हणाल्या. "दवाखान्याच्या त्या साहेबाच्या टेबलासमोर, साऱ्याईच्या देखत. मी संगं येतो. आजची रात अकोल्यातच राहातो."

मंदाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.