ईनबाईच्या गाडीतला पिवळा दिवा

गाडीच्या टाकीतला पंप बदलणं सोपं काम नाही. मी ते बहात्तराव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, दोन घंट्यांत केलं. हे आधीच लिहून ठेवतो. नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं की या म्हाताऱ्याला काम येत नाही.

गाडी माझ्या ईनबाईंची, म्हणजे लेकीच्या सासूबाईंची. यवतमाळच्या सरकारी कचेरीतून रिटायर झालेल्या, गाडी स्वतः चालवतात. आमच्याकडं पांढरकवड्याला दोन दिवस राहायला येत होत्या, तर केळापूरपाशी गाडी बंद पडली. टोचन करून माझ्या गॅरेजात आणली. मागची सीट काढून पंप उपसला, नवा बसवला. एका चावीत गाडी सुरू. मी हात पुसत होतो, तेवढ्यात त्या आतूनच म्हणाल्या, "व्याहीबुवा, गाडी चालू झाली, पण हिला अजून काही सांगायचं आहे."

समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला.

त्यांनी पर्समधून काडेपेटीएवढी एक डबी काढली, स्टेअरिंगखाली खोचली आणि मोबाइलमध्ये पाहू लागल्या. डबी माझ्या जावयानं, म्हणजे त्यांच्याच मुलानं दिलेली; गाडीत काय बिघडलं त्याचा नंबर ती मोबाइलवर दाखवते. माझी शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी अक्षराशी माझी ओळख नाही. त्या वाचणार आणि मी ऐकणार, हेच मला आधी झोंबलं.

"पेट्रोलचा दाब कमी, म्हणते."

"ते जुनं रडगाणं हाये. पंप मेला तवाचं. पुसून टाका."

त्यांनी पुसलं. दिवा विझला. मी चहा अशा ऐटीत प्यायलो की जणू मला दुसरी मिशी फुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या करंजीपर्यंत चक्कर मारून आल्या. दिवा पुन्हा पेटलेला.

"आता दुसराच नंबर आहे. टाकीची वाफ कुठून तरी गळते, असं दाखवतं आहे." मग चष्मा काढून म्हणाल्या, "हे बघा, मी उद्या निघणार. दिवा विझलेला असला तर घरी जाईन. नसला तर सरळ यवतमाळच्या मोठ्या वर्कशॉपला. तिथं विचारतील, आधी कोणाचा हात लागला. मला खोटं बोलता येत नाही."

पन्नास वर्षांत माझ्या हातची गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडं गेली नाही. गेली असेल तर मला कोणी कळू दिलं नाही.

मी पुन्हा सीट काढली. पंपाचा रबर पाहिला, चांगला. नळ्यांना साबणाचा फेस लावला, बुडबुडा एक नाही. मग गाडीखाली घुसून एकेक जोड नाकानं हुंगत निघालो. पेट्रोल डोक्यात गेलं की काय कोण जाणे, मला हसू यायला लागलं. वरून माझी बायको म्हणाली, "अवो, ईनबाई पाहून राह्यल्या. कुत्र्यासारखं काय हुंगून राह्यले?"

"कामात हावो मी."

"यात लिहिलं आहे," ईनबाई म्हणाल्या, "सगळ्यात आधी टाकीचं झाकण पाहा."

"झाकण मीच लावलं. तीनदा कट्‌कट् वाजलं."

"मी नाही म्हणत, मोबाइल म्हणतो."

"मोबाइलनं जनमात झाकण लावलं काय?"

"पाहून घ्या ना," बायको म्हणाली. "झाकणच हाये, नवरीचा घुंगट नाई."

दोघी हसत जेवायला आत गेल्या. त्या आत गेल्यावरच मी झाकण उघडलं. 

झाकणाच्या मानेला, रबराच्या बरोबर खाली, लाल धागा. दोन वेढे आणि वर गाठ. मीच बांधलेला. माझ्या उस्तादानं शिकवलं होतं की दुरुस्ती झाली की जिथं हात लागला तिथं लाल धागा बांधायचा, मगच गाडी द्यायची. ट्रॅक्टर असो की मोटार, मी बांधतोच, हात आपोआप चालतो. टाकीच्या आत पंपाला कसा बांधणार? म्हणून टाकीच्या तोंडाशी बांधला. झाकण कट्‌कट् वाजलं, पण रबर धाग्यावर टेकलेला. तिथूनच वाफ चालली होती.

धागा तोडून खिशात घातला, झाकण लावलं आणि आत जाऊन म्हणालो, "पुसा नंबर."

"काय केलंत?"

"केलं. पुसा."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याशेजारी बसून करंजीला गेलो. माझी नजर रस्त्यावर नाहीच, त्या दिव्यावर. करंजी आली, आम्ही वळलो, परत केळापूरचा फाटा आला. दिवा काही पेटला नाही.

"मानलं, व्याहीबुवा. काय निघालं?"

टाकीचा वरचा व्हॉल्व गळत होता, असं म्हणायचं मी रात्रीच ठरवलं होतं. शब्द ओठापर्यंत आला आणि मागून हसू आलं. पोट धरून हसत मी खिशातून धागा काढला आणि सगळं सांगून टाकलं.

ईनबाईंनी गाडी कडेला घेतली. स्टेअरिंगवर कपाळ टेकवून इतक्या हसल्या की भोंगा वाजतच राहिला. समोरचा बैलगाडीवाला खाली उतरून पाहायला आला, काय झालं बाईले म्हणून. 

त्या दिवशी ईनबाई सरळ घरी गेल्या, वर्कशॉपला नाही. मात्र पोचायच्या आत लेकीला, जावयाला, सगळ्या सोयऱ्यांना फोन झाले होते. आता कोणत्याही लग्नात मी दिसलो की कोणी तरी विचारतंच, "झाकण पाह्यलं काय, मामाजी?"

मी सांगतो, मोबाइलनं नुसतं सांगतलं. सापडवलं मीच.