रुमालाखाली बरा झालेला हात

हाडवैद्यानं मला फसवलं. मनगट बसलं नव्हतं आणि त्यानं बसलं म्हणून सांगितलं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी मलकापूरला कापसाचा दलाल. सरकी काढायच्या जिनमध्ये वजनकाट्यावर गाठी चढवण्यापासून वर आलेला. जिनच्या विलायती साहेबाच्या मडमेनं मला रिकाम्या दुपारी पियानो शिकवला होता. ती मायदेशी निघाली तेव्हा घासाघीस करून तो मीच घेतला. तिनं शेवटी शिकायला दिलेला सुरांचा तुकडा भयंकर जलद. उजवा हात पट्ट्यांवरून धावत सुटतो, अंगठा बोटांखालून निघतो. मनगट जरा अडलं की सगळं सांडतं. ती गेल्यावर एकट्यानं बसून मी तो हातात बसवला.

मग कापसाच्या गाडीवरून पडलो आणि तोच हात मनगटात मोडला. वैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. त्या सोडल्या तेव्हा मी विचारलं, "बुवा, नक्की बसलं ना?"

"सौदा करून पाहा, शेठ," म्हणत त्यानं खांद्यावरचा रुमाल आमच्या हातांवर टाकला.

आम्ही दलाल भाव तोंडानं बोलत नसू. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून तो ठरायचा. मी भाव दिला, त्यानं तोडला, मी चढवला. पाचही बोटं नीट बोलली.

"आता काऊन तोंड पाडून राह्यले?" वैद्य म्हणाला. "जा बाजारात, लुटा लोकाइले!"

त्याच्या ओट्यावर बसलेले सगळे हसले. मीही हसलो.

रुमालाखाली मनगट फिरवावं लागत नाही, हे घरी पियानोपाशी बसल्यावर कळलं.

तेव्हापासून रोज दुपारी दुकान बंद करून पियानोवर बसतो. गोगलगाईच्या चालीनं सुरुवात करतो, तोवर ठीक असतं. वेग वाढवला की त्याच वळणावर मनगट दगड होतं आणि मधले सूर गळतात. खिडकीतून शेजारी म्हणायचे, "वा शेठ, लय झकास!" त्यांच्यावर मी ओरडलो, म्हणून आता तेही खिडकीशी थांबत नाहीत. काय गळलं हे जिला कळलं असतं, ती समुद्रापार.

वैद्याला भर रस्त्यात धरलं, तर म्हणाला, "बाजा तर वाजून राह्यला. गावात कोणाले कमी वाटते?"

मला कमी वाटतं. त्यानं एकदा माझ्या घरी यावं, पियानोशेजारी उभं राहावं. मी वाजवीन, आणि हात अडेल तिथं थांबेन. पुढचे सूर कुठं गेले, ते त्यानं तोंडानं सांगावं. रुमाल घरी ठेवून यावं.