कपाटही हललं होतं

वहिनी फोटोत हलतात, ही आमच्या घरातली तीस वर्षं जुनी थट्टा. ती मी सुरू केली, आणि ती खोटी आहे. पंचाहत्तरी उलटल्यावर का होईना, लिहून ठेवतो.

वहिनी मुख्याध्यापिका झाल्या तेव्हा शाळेच्या भिंतीवर लावायला त्यांचा फोटो हवा होता. मी अमरावतीहून कॅमेरा आणि नको तितका शहाणपणा घेऊन अकोल्याला गेलो. त्यांच्या चष्म्यावर फ्लॅश चमकतो, म्हणून फ्लॅश नको म्हटलं. इथवर बरोबर होतो. पण खुर्ची खिडकीजवळ न्यायची सोडून अंधाऱ्या कोपऱ्यात सागवानी कपाटापुढे ठेवली. मला मागे कपाट हवं होतं. त्यात लेन्स लांब पल्ल्याची, १३५ मिलिमीटरची. अशी लेन्स हातात धरली, तर शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाहून जास्त वेळ उघडं ठेवू नये, नाहीतर हाताचा कंप फोटोत उतरतो. हे मी दुसऱ्यांना शिकवत असे. स्वतः मात्र पंधराव्या भागावर ठेवलं. स्टँड घरी विसरलो होतो आणि ते सांगायची लाज वाटली.

वहिनी पुतळ्यासारख्या बसल्या. श्वाससुद्धा रोखला. रोल धुऊन आला, तर एकही फोटो धड नव्हता.

"काय झालं रे?" भाऊनं विचारलं.

"वहिनी हलल्या," मी म्हटलं.

झालं! लग्न असो की बारसं, फोटोवाला समोर आला की कुणीतरी ओरडायचं, "वहिनीले धरा रे!" त्या हसायच्या आणि मागच्या रांगेत जायच्या. शाळेच्या भिंतीवर लागला तो सहलीच्या फोटोतून कापलेला चेहरा. खांद्यावर दुसऱ्या बाईंची बोटं अजून दिसतात.

यंदा शाळेनं भिंत रंगवली आणि नवे फोटो मागितले. वहिनींनी कळवलं, जुनाच राहू द्या. पुतणीनं फोनवर हे सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या बसनं अकोला गाठलं.

"वहिनी, तुम्ही हलल्या नव्हत्या. माझा हात हलला होता."

त्या उठल्या. कपाटातल्या साड्यांखालून त्या रोलमधला एक हललेला फोटो काढून माझ्यापुढे धरला.

"मी हलली म्हणता न भाऊजी? मंग हे कपाट काहून हललं? त्याले बी घाबरवलं होतं काय तुमी?"

कपाटाची मूठ दोनदा उमटली होती.

"मग बोलल्या का नाही?"

"तुमी कवा बोलता, ते पाहून राहिली होती."

मी खुर्ची खिडकीकडे ओढली. "मांगं कपाट येऊ द्या," त्या म्हणाल्या, "ते बी बदनाम झालं." या वेळी कमी उजेडातही शटर झटकन मिटावं म्हणून आयएसओ सोळाशेवर नेला; फोटो दाणेदार झाला तर झाला. शटर दोनशेव्या भागावर, कोपरं फासळ्यांना टेकवलेली. हात आता पूर्वीपेक्षा जास्त थरथरतो.

"श्वास धरू काय?"

"तुम्ही नका. मी धरतो."

फोटो दाखवला. चष्मा सारखा करून त्यांनी आधी मागे पाहिलं.

"कपाट बरं बसलं या खेपेले."

मग स्वतःकडे पाहिलं, बराच वेळ.

"द्या पाठवून शाळेत."