आबांना चुकता येत नाही

दुपारी साडेतीनला एडिटिंगच्या खोलीत माझी मान खुर्चीवर कलते. हेडफोन कानावर तसाच असतो. पडद्यावर आबा थांबलेले आहेत: लेदरचं जाकीट, केसांचा टोप, ओठांत क्लॅरिनेट. माझे वडील, रंगराव ऐवळे. चाळीस वर्षं कराडच्या लग्नांत वाजवलं आणि शेवटी मुलाच्या सिनेमात रॉकस्टार झाले. सिनेमा म्हणजे कधी नव्हताच अशा एका रॉक बँडचा खोटा माहितीपट. शूटिंग संपलं आणि महिन्याभरात आबा गेले.

शेवटच्या कार्यक्रमाच्या प्रसंगात बँडने इतकं भयंकर वाजवायचं की लोक उठून पळतात. बाकी चौघांनी तसं वाजवलं. आबा मात्र त्या गोंगाटातही सुरातच वाजवत राहिले. सहा टेक झाले, सहाही सुरात. मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर खेकसलो होतो. आता निर्माता म्हणतो, विनोद मरतोय, त्यांच्या चित्रावर दुसऱ्या कुणाचं तरी बेसूर वाजवणं चिकटव. तो बेसूर आवाज तयार आहे. संध्याकाळी सिनेमा पाठवायचाय आणि माझा हात धजत नाही.

हेडफोनमध्ये कुणीतरी घसा खाकरतं. आबा समोर स्टुलावर बसलेत, टोप मांडीवर. मी सवयीने सिनेमातल्यासारखी मुलाखत सुरू करतो. बँड कशामुळे फुटला?

"गिटारवाल्याचं लगीन ठरलं," आबा गंभीरपणे सांगतात, "आन् वरातीला त्यानं दुसराच बँड सांगितला. ततंच फुटलो."

हे मी लिहिलेलं नव्हतं. मी पोट धरून हसतो, आणि आम्ही भर उन्हात वरातीत चालत असतो. नवरदेव घोड्यावर. एडिटिंगचं टेबल हातगाडीवर पुढे चाललंय. चालता चालता आबा विचारतात, माझ्या तोंडावर कुणाचा आवाज लावतोयस. त्यांना कसं कळलं, हे मी विचारत नाही. लोकांना हसवायचंय, एवढंच पुटपुटतो.

"सहा डाव चुकायला बघितलं," ते म्हणतात. "बोटं ऐकंनात. तुझ्यासाठनं लई बघितलं रं."

मला तो हट्ट वाटला होता. माझी मान खाली जाते. आबा क्लॅरिनेट माझ्या हातात देतात. बेसूर पायजे तर तू वाजीव, म्हणतात, भाईरचा नगं. मी फुंकतो. असा काही चीत्कार निघतो की घोडा दोन पावलं मागे सरतो. सगळी वरात हसते, नवरदेवसुद्धा. आबा तर डोळे पुसतात. मग मागे उभे राहून माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवतात.

"दाब. वारा सुटू द्यू नगं."

एक सूर निघतो. सरळ, लांब. रस्त्यावर आता थिएटरच्या खुर्च्या आहेत, सगळ्या भरलेल्या, आणि एकही माणूस उठून पळत नाही. माझी छाती भरून येते. या माणसाला चुकता येत नाही आणि मी त्याचा मुलगा आहे, एवढंच मला सगळ्यांना ओरडून सांगायचं असतं.

जाग येते तेव्हा हेडफोन गळ्यात उतरलाय. बोटं ठणकताहेत. सहा बोटांच्या टोकांवर सहा गोल वळ, लालभडक. आबांचं क्लॅरिनेट कराडला, आईच्या कपाटात आहे. मी ते जन्मात कधी वाजवलेलं नाही.

मी निर्मात्याला फोन लावतो आणि सांगतो, क्लॅरिनेट आबांचंच राहील. मग विनोदाचं काय, तो विचारतो. चौघं बेसूर आणि एकट्याला चुकता येत नाही, हाच विनोद, मी बोटांवर फुंकर घालत सांगतो. वळ अजून गेलेले नाहीत.