भीतीची हजेरी

शेवटच्या भेटीतही भास्करमामांनी हजेरी घेतलीच. कल्याणच्या दवाखान्यात, नाकात नळी, आणि अंगावर म्हसा गावच्या जत्रेतून आणलेली ती काळी घोंगडी. दवाखान्याची पांढरी चादर त्यांनी पायाशी गोळा करून ठेवली होती. त्यावरून नर्सबाई दोनदा रागावून गेल्या होत्या म्हणे. मी स्टुलावर टेकले तसे ते म्हणाले, "चल गो, हजेरी. आधी मी." मग छताकडे बघत म्हणाले, "मला भीती वाटते, मी गेल्यावर तुमी सगळी शूर व्हाल."

आता माझी पाळी होती. त्यांनी आपली भीती सांगितली की समोरच्याने आपली सांगायची, हा नियमच होता. मी म्हणाले, "मला कसली भीती? आठवड्यात घरी येताय तुम्ही." मामांनी डोळे मिटले. त्यांना झोप लागली असं मी धरून चालले आणि बाटलीत पाणी भरायच्या निमित्ताने बाहेर सटकले.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, मी शहापूरहून मुरबाडला येत होते. एसटी किन्हवलीच्या अलीकडे असताना त्यांच्या मुलाचा फोन आला. खरं सांगते, मला रडू आलं नाही.  मधे शुक्रवार, शनिवार, आणि मग रविवार... एवढंच डोक्यात आलं. माणूस गेल्याचं दुःख मला गाडीतून उतरल्यावर झालं, त्याआधी नुसती भीती होती. आज दोन महिने झाले, अजून ती भीतीच पुढे आणि दुःख तिच्या मागे चालतं आहे.

मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं ते अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत उस्ताद होते, कवायत शिकवायला. तिथली रीत मोठी मजेची. उस्ताद ज्या पोरांना वर्षभर चिखलात लोळवतो, ती पोरं खांद्यावर तारे लावून बाहेर पडतात तेव्हा त्यांना पहिला सॅल्यूट उस्तादानेच ठोकायचा. "काल याची टाच जुळत नव्हती, आज साहेब," असं म्हणून मामा हसायचे. ते गावी परतले तेव्हा लोकांना वाटलं, आता कोंबड्या पाळतील, फार तर सरपंचकीला उभे राहतील. त्यांनी वैशाखरे गावाजवळच्या माळावर अधिकारीभरतीच्या तयारीचा रविवारचा वर्ग काढला. आमच्याकडे शिपाईभरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं खंडीभर; पण अधिकारी होणं आपल्या वाट्याचं नाही, अशीच सगळ्यांची समजूत. मामा म्हणत, "शिपायाची छाती मोजतात. अफसराचं काय मोजतात ते मला ठाव हाय."

मी त्यांच्या चुलतबहिणीची मुलगी, आणि जन्माची भित्री. कुत्रा, पाल, उंची, मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार, काहीही चालतं मला घाबरायला. आई म्हणायची, ही स्वतःच्या सावलीलाही आधी वाट देईल. तरी हौसेने अधिकारीनिवडीच्या त्या पाच दिवसांच्या परीक्षेला दोनदा गेले आणि दोनदा परत आले. आता शहापूरला कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. दुसऱ्यांदा परत आले तेव्हा मामांनी सांत्वन वगैरे केलं नाही. "रविवारी ये. मला भित्रं माणूस पायजे," एवढंच म्हणाले.

कशाला, ते पहिल्याच रविवारी कळलं. माळावर ती घोंगडी पसरायची. पोरापोरींनी तिच्यावर बसायचं. मामा आणि त्या दिवशी जो म्होरक्या असेल तो, अशा दोघांनी खाली खड्यांवर. धावणं असो की डोंगर चढणं, सुरुवात हजेरीने. नाव सांगायचं आणि आज कशाची भीती वाटते ते सांगायचं. आधी म्होरक्याने. हसायचं नाही. कुणी छाती काढून "मला कशाचीच नाही" म्हणालं, तर त्याला घरी पाठवत. "ज्याला भीती नाय, त्याच्या मागं चालायची मला भीती वाटते." पोरं हुशार, "मला अपयशाची भीती वाटते" असली सुविचारांची उत्तरं पाठ करून यायची. मामा म्हणत, "ही पुस्तकातली झाली. घरची आण." मग हळूहळू खरी निघायची. कुणाला इंग्रजीत बोलायची, कुणाला दारू प्यालेल्या बापाची, कुणाला विहिरीची.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात मी म्होरकी होते. आठ जणांना घेऊन मागचा डोंगर चढायचा, पलीकडच्या खिंडीत मामा थांबलेले. अर्ध्या वाटेवर एक फाटा लागतो. तिथे डावीकडे वळायचं की उजवीकडे, ते मला आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हे मला सकाळीच माहीत होतं. हजेरीत मी म्हणाले, "मला जळवांची भीती वाटते." सगळ्यांना ते गोड वाटलं.

फाट्यावर पोचलो तेव्हा धुकं इतकं उतरलं होतं की तिसऱ्या माणसाची पाठ दिसेना. माझ्या मागे सुगंधा होती. गावकुसाबाहेरच्या वाडीतली, लाकूडफाट्याला बापाबरोबर हे डोंगर लहानपणापासून तुडवलेली, वाडीतली पहिली पदवीधर. ती तिथे क्षणभर थबकली. मी ते पाहिलं. पाहिलं म्हणूनच जरा जोरात म्हणाले, "चला, थांबू नका," आणि डावीकडे वळले. अर्ध्या तासाने माझ्या पायाखालून एक दगड सुटला, आणि तो पडल्याचा आवाज काही आला नाही. मी दचकून मागे सरले, सुगंधाला धक्का लागला. ओल्या गवतावरून ती कमरेपर्यंत कड्याखाली गेली. कारवीचं एक झुडूप तिच्या हातात आलं म्हणून वाचली. दोघा पोरांनी पालथं पडून तिला वर ओढलं. मी उभीच होते. आपण हात पुढे करायचा असतो हेसुद्धा मला सुचलं नाही. आजही फळ्यावर लिहिताना खडू निसटला, की तो खाली आपटेपर्यंत माझा श्वास अडकतो.

परतीची वाट सुगंधानेच दाखवली. खिंडीत मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिच्याकडे वळले.

"तुला कधी कळलं, वाट चुकली?"

"फाट्यावरच कळलं व्हतं."

"मग बोलली का नाय?"

"ताई लीडर हायत. मी कशी बोलू?"

मामा मटकन खाली बसले.   मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मामींनाही ठाऊक नव्हती. वर बर्फात असताना ते हवालदार होते, आणि साहेब नुकताच अकादमीतून आलेला, कोवळा. गस्तीवर साहेब चुकीच्या अंगाला वळला. मामांना कळलं होतं. पण साहेब तो साहेब, हवालदाराने कसं बोलायचं... त्या दिवशी गेलेल्यांतला एक जण परत आला नाही. "सायेब भ्याले व्हते. मीबी भ्यालो व्हतो. दोघंबी सांगंनात," मामा म्हणाले. "कवायत काय, कोणबी शिकवंल. पुढच्यानं आपली भीती सांगितली, तरच मागच्याला त्याची चूक सांगता येते. नायतर मागचा मुकाट दरीत जातो."

मला ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. उतरताना फक्त एकदा जवळ येऊन विचारलं, "जळवा चावल्या का गो?"

ते गेल्यावर पहिल्या रविवारी मी पोरांना सुतक सांगितलं. दुसऱ्या रविवारी कॉलेजची परीक्षा, तिसऱ्या रविवारी ताप. चौथ्या रविवारी सकाळी सुगंधाचा फोन आला. "ताई, आमी माळावर बसलोय. मामींनी घोंगडी दिलीय." पुढच्या महिन्यात तिची ती पाच दिवसांची परीक्षा आहे. पहिलीच. तिला मी नाही म्हणू शकले नाही, मिळेल ती एसटी पकडून निघाले.

घोंगडी नेहमीच्या जागी होती. तिच्यावर सगळी बसलेली, आणि खाली खड्यांवर दोन जागा मोकळ्या. त्यातल्या एकीवर मी बसले. मग सांगायला लागले. तेव्हा मला जळवांची भीती नव्हती, फाट्याची होती. ती मी लपवली म्हणून सुगंधा कड्यावरून गेली. दवाखान्यात मामांनी हजेरी घेतली तेव्हाही मी खोटं बोलले, कारण ते मरणार हे मला दिसत होतं आणि त्यानंतर तुम्ही माझ्याकडे बघाल याने माझी झोप उडाली होती. तो फाटा मला अजूनही ओळखता येत नाही. आज पुढे मी आहे, आणि मला फार भीती वाटते आहे.

 मग एकेकाने आपापली सांगितली. सुगंधा शेवटची. ती घोंगडीचा धागा उपसत राहिली.

"मला ताईंची भीती वाटते," ती म्हणाली. "त्या परत चुकतील. आन मी परत गप ऱ्हाईन."

कान तापले माझे. राग आला, लाज वाटली, काय काय झालं. मामांच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. तिथे खडेच होते.

"मग फाट्यावर काय करशील?" मी विचारलं.

"बोलंन."

आम्ही उठलो. त्या दिवशी धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं, तरी फाट्यावर पोचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. मी एक पाऊल टाकलं. मागून आवाज आला, पुढचा डोंगर ऐकेल एवढा मोठा.

"ताई, चूक!"

मी पाऊल मागे घेतलं आणि ती दाखवील तिकडे वळले.

घोंगडी आता शहापूरला माझ्या खोलीत असते. शनिवारी ती उन्हात टाकते, झटकते, घडी घालून पिशवीत भरते, आणि त्या घडीबरोबरच भीती येते. दर शनिवारी येते. मामा, तुम्हाला एवढंच कळवायचं होतं... आमच्यातलं कुणीही शूर झालेलं नाही.