मी दिलेली सुभेदारी

आमच्या कसबा बावड्यात सुभेदार कोण, असं कुणालाही विचारलंत तर तो दूध डेअरीकडं बोट दाखवेल. ही पदवी सरकारनं दिलेली नाही. मी दिली. आयुष्यात माझं टिकलेलं काम म्हणाल तर एवढं एकच.

तो माझा शाळेपासूनचा मित्र. एकोणिसाव्या वर्षी मिलिटरीत भरती झाला आणि अकराव्या दिवशी ट्रेनिंग सोडून घरी आला. का, तर म्हशीची आठवण येत होती. मी झेंडूचा हार घेऊन एसटी स्टँडवर गेलो आणि पन्नास माणसांत ओरडलो, "सुभेदार आले रे!" तो रडवेला झाला. मला वाटलं, झक्कास जमलं.

नाव चिकटलं. काही वर्षं लोक ते हसून घ्यायचे. मग हसणारे पांगले, काही मेले. उसाच्या रानात सोसायट्या उभ्या राहिल्या. नव्या लोकांना नुसतं नाव मिळालं, हार मिळाला नाही. ते अदबीनं 'सुभेदारसाहेब' म्हणू लागले. 'मी फौजेत होतो' असं तो कधी म्हणाला नाही, 'नव्हतो' असंही म्हणाला नाही. चालताना पाठ मात्र ताठ व्हायला लागली. डेअरीवर तशी पाटी लागली. पोराच्या लग्नपत्रिकेत सुभेदार छापलं, आणि शिरोळची सून त्याच नावाच्या घरात आली. मी गप्प होतो. माझ्यासारख्यानं इतकी वर्षं गप्प बसणं म्हणजे विक्रमच.

यंदा त्यातल्याच एका सोसायटीनं पंधरा ऑगस्टला झेंडा चढवायला त्याला बोलावलं. माजी सैनिक म्हणून. तो माझ्याकडं आला. चहा निवला तरी कपाला हात लावेना.

"त्यास्नी सांग, मला जमत न्हाय म्हणून."

"तूच सांग की."

"सांगितलं. त्यास्नी वाटतंय, मी मोठेपणा घ्यायला लाजतोय. झेंड्याखाली खोटं हुबं ऱ्हायाचं न्हाय मला. कंबर धरलीया म्हण. दुसरं काय बी बोलू नगंस मर्दा, सून हाय घरात."

"व्हय," म्हटलं.

सोसायटीच्या ऑफिसात चेअरमन आणि आणखी चौघे बसले होते. "सुभेदारांची कंबर धरलीय," मी म्हणालो. इथं थांबायचं होतं. पण चेअरमन हळहळले, "जुनी जखम असणार. लढाईतली का हो?"

मला हसू फुटलं. "कसली लढाई! अहो, अकरा दिवस!" मग म्हैस आली, हार आला, तो कसा रडवेला झाला ते मी उभं राहून करून दाखवलं. त्या वेळी मला खरंच वाटत होतं की मित्राचं ओझं उतरवतोय. चेअरमन डोळे पुसत म्हणाले, "बसा, चहा घ्या. परत सांगा." मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त रंगलं.

झेंडा दुसऱ्याच कुणीतरी चढवला. त्या सकाळी डेअरीच्या रांगेतून आवाज आला, "काय सुभेदार, म्हशीची आठवण येतीया का?" सगळी रांग हसली. आत सून भांडी घासत होती, तिचा हात थांबला, असं त्याच्या बायकोनं मला रस्त्यात गाठून सांगितलं. एवढंच सांगितलं आणि निघून गेली. पाटी त्यानं स्वतः स्टुलावर चढून काढली. लोक अजून सुभेदारच म्हणतात, फक्त आता म्हणताना हसतात.

आठवड्यानं मी डेअरीवर माफी मागायला गेलो. माझा नंबर आला तेव्हा त्याला शाळेतल्या नावानं हाक मारली. त्या नावानं त्याला हाक मारणारं माझ्याशिवाय आता गावात कुणी नाही. त्यानं माप पालथं केलं, निथळू दिलं, आणि परगावच्या गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं,

"बोला पावणं, किती?"

मागं रांग होती.

"अर्धा लिटर," म्हटलं.